जागता बदाम : नाताळच्या फराळातील एक पाठ

वाचनासाठी शास्त्रभाग : उत्पत्ति 43:11, यिर्मया 1:11-12, नीतिसूत्रे 11:1



डिसेंबर उजाडला की आपल्या घराघरांतून करंज्या, अनारसे, कुलकुले आणि नानकटाई यांची तयारी सुरू होते. या महिन्याचा पाठ आम्ही मुद्दामच स्वयंपाकघरात आणला आहे. बदाम आणि चारोळी घातलेली, वरून साखरेचा पांढरा लेप दिलेली बिस्किटे घरी कशी भाजावीत, हे त्यात सांगावयाचे आहे. मात्र हे काम केवळ साहित्य आणि कृती पाठ करून साधत नाही. त्यासाठी एक गुण अंगी असावा लागतो आणि तो म्हणजे जागरूकता. हा गुण नसल्यामुळे आमच्या हातून काय घडले, तेही पुढे सांगणार आहोत.

1. आपल्या भूमीतील उत्तम ते

कनान देशात दुष्काळ पडला असताना याकोबाने आपल्या मुलांना धान्यासाठी दुसऱ्यांदा मिसर देशात पाठविले. त्या वेळी तेथील अधिपतीला देण्यासाठी त्याने जी भेट बांधून दिली, तिच्यात थोडा मध, पिस्ते आणि बदाम होते. घरात धान्याची टंचाई होती, तरी बदाम-पिस्ते शिल्लक होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कठीण कवचातील फळे नीट वाळविली म्हणजे पुष्कळ दिवस टिकतात. म्हणूनच प्रवासासाठी आणि भेटीसाठी ती फार पूर्वीपासून पसंत केली जात आली आहेत. याकोबाने परक्या देशातील दुर्मिळ वस्तू शोधल्या नाहीत. आपल्याच भूमीत जे उत्तम पिकते, ते त्याने दिले.

मग बीरगांवच्या एखाद्या मराठी घराने आपल्या शेजाऱ्यांस भेट पाठवावयाची झाल्यास ताटात काय ठेवावे?

बीरगांव हे रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत वसलेले कामकरी लोकांचे गाव आहे. शेजारीच उरला औद्योगिक क्षेत्र असून तेथे लोखंड-पोलादाचे कारखाने आहेत. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली माणसे येथे एकाच आळीत राहतात. मराठी भाषा या भागाला परकी नाही. 1854 पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते आणि पुढे 1956 पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात नांदत होते. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड हे वेगळे राज्य झाले, तरी येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे आपली भाषा आणि आपला फराळ सांभाळून आहेत.

या भूमीची उत्तम देणगी कोणती, असे विचाराल तर आम्ही चारोळीकडे बोट दाखवू. बाजारात ती 'चिरौंजी' या नावाने मागावी लागते. तिच्या झाडाला 'चार' असे म्हणतात. छत्तीसगडच्या जंगलांत हे झाड आपोआप उगवते. थंडीच्या अखेरीस त्याला मोहोर येतो आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याची लहान, काळसर फळे पिकतात. फळाचा गर काढून टाकून आतील बी वाळवितात. मग तिचे टणक कवच दगडी जात्यावर हलक्या हाताने फोडून आतील दाणा निवडतात. आपण बासुंदीवर जी चिमूटभर चारोळी टाकतो, तिच्यामागे उन्हाळ्यातील इतके कष्ट असतात.

बस्तरच्या आठवडी बाजारांत आदिवासींकडून मिठाच्या मोबदल्यात चारोळी घेण्याची रीत पूर्वी होती. मीठ स्वस्त आणि चारोळी महाग, पण जंगलातील माणसाला ज्याची गरज ते मीठ व्यापाऱ्याच्या हाती होते. खोट्या तराजूविषयी नीतिसूत्रांत जे म्हटले आहे, त्याचे याहून बोलके उदाहरण शोधावयास दूर जाणे नको. 2013-14 पासून केंद्र सरकारच्या योजनेनुसार ज्या वनोपजांना किमान आधारभूत किंमत ठरवून दिली जाते, त्यांत चारोळीच्या बियांचाही समावेश आहे. तरीही एक दुखणे उरलेच आहे. दुसऱ्याने आधी तोडू नये म्हणून फळ पिकण्यापूर्वीच ओरबाडले जाते, कधी फांद्याच छाटल्या जातात. मग बी जमिनीवर पडत नाही आणि नवी झाडे उगवत नाहीत. चारोळी जपून, मोजून वापरावी, ती डब्यात पडून खवट होऊ देऊ नये, असे आम्ही म्हणतो ते केवळ तिच्या किमतीमुळे नव्हे.

2. आमच्या हातून घडलेली चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नाताळ दोन दिवसांवर आला होता. बदाम कमी पडले, म्हणून आम्ही भाजलेल्या फल्लीदाण्यांचा, म्हणजे शेंगदाण्यांचा, बारीक कूट पिठात मिसळला. चव छान आली होती, वरून पांढरा लेप आणि चारोळी असल्यामुळे आतले काही दिसत नव्हते. "बदामाची बिस्किटे आहेत," असे सांगून शेजारच्या घरी ताट पाठविले.

अर्ध्या तासात शेजारची बाई धावत आली. तिच्या पाच वर्षांच्या मुलाचे ओठ सुजले होते आणि अंगभर गांध्या उठल्या होत्या. त्या मुलाला शेंगदाणा सोसत नव्हता आणि घरातील सर्वांना ते ठाऊक होते. बदाम मात्र तो नेहमी खात असे, म्हणूनच तिने बिस्कीट निःशंकपणे त्याच्या हातात दिले होते. मुलाला तातडीने दवाखान्यात नेले. देवाची कृपा की रात्री उशिरा तो बरा होऊन घरी आला. ती बाई आम्हांस एवढेच म्हणाली, "दीदी, एक बार बता देते।" तिने आवाजही चढविला नाही. त्यामुळेच ते वाक्य अधिक लागले.

शेंगदाणा स्वस्त आहे, हा काही दोष नव्हे. शेंगदाण्याची बिस्किटे उत्तम होतात. दोष होता तो न सांगण्याचा. पदार्थ चविष्ट झाला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे आम्ही समजलो. खाणारा कोण आहे, इकडे आमचे लक्ष नव्हते.

3. साहित्य आणि त्यामागील कारणे

पुढील मापात मध्यम आकाराची सुमारे 30 बिस्किटे होतात.

बिस्किटांसाठी : मैदा 200 ग्रॅम, मीठ न घातलेले लोणी 125 ग्रॅम, पिठीसाखर 80 ग्रॅम, बदाम 60 ग्रॅम, चारोळी 40 ग्रॅम, वेलदोड्याची पूड अर्धा चहाचा चमचा, चिमूटभर मीठ आणि लागल्यास एक-दोन चमचे थंड दूध.

लेपासाठी : बारीक पिठीसाखर 100 ग्रॅम, कॉर्नफ्लॉवर एक चहाचा चमचा, लिंबाचा रस एक चमचा आणि दूध दोन ते तीन चमचे.

लोण्याऐवजी साजूक तूप वापरावयाचे असल्यास ते 100 ग्रॅमच घ्यावे. विकतच्या लोण्यात सुमारे 80 टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेला भाग बहुतांशी पाण्याचा असतो. तूप जवळजवळ संपूर्ण स्निग्ध असते. हा फरक ध्यानात न घेता तूप लोण्याइतकेच घातले, तर बिस्किटे भट्टीत पसरून एकमेकांना चिकटतात. तूप थिजलेले असावे, पातळ नसावे. डिसेंबरातील पहाटेच्या गारव्यात ते आपोआप थिजते, म्हणून हे काम सकाळी लवकर हाती घेणे सोयीचे.

पूर्वी नानकटाईसाठी वनस्पती तूप सर्रास वापरीत. त्यातील कृत्रिम ट्रान्स मेद हृदयाला अपायकारक ठरल्यामुळे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने तेल-तुपातील त्याचे प्रमाण 2022 पासून 2 टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे. तथापि घरी चार दिवसांचाच पदार्थ करावयाचा असता लोण्याचा किंवा तुपाचा सुवास सोडण्याचे कारण नाही.

बदाम आणि चारोळी घेताना एकेक दाणा चावून पाहावा. चारोळीच्या दाण्यात जवळजवळ निम्मे वजन तेलाचे असते. हवा आणि उष्णता लागून हे तेल लवकर बिघडते व दाणा कडवट, खवट लागतो. असा एक मूठ दाणा संपूर्ण घाण्याची चव बिघडवितो. बुरशी आलेले दाणे तर निवडून वापरण्याचाही मोह धरू नये. बुरशीचे विष भाजल्याने नाहीसे होत नाही. ते टाकूनच द्यावेत.

4. कृती

प्रथम बदाम जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सात-आठ मिनिटे परतावेत. चारोळी वेगळी भाजावी. तिचा दाणा लहान असल्यामुळे तिला दोन-तीन मिनिटे पुरेशी होतात. दोन्ही एकत्र भाजल्यास बदाम कच्चे राहतात किंवा चारोळी जळते. दाणे पूर्ण थंड झाल्यावर बदामांची भरड करावी. गरम असताना कुटल्यास तेल सुटून त्यांचा गोळा होतो. चारोळीतील एक चमचा वर लावण्यासाठी बाजूस ठेवावी.

लोणी आणि पिठीसाखर एकत्र करून हाताने किंवा लाकडी चमच्याने पाच मिनिटे फेसावे. रंग फिकट आणि मिश्रण हलके झाले की त्यात वेलदोडा, मीठ, बदामाची भरड व चारोळी घालावी. मग मैदा चाळून घालावा आणि केवळ एकत्र येईल इतकेच मिसळावे. पोळीची कणीक आपण तिंबतो, तसे हे पीठ तिंबू नये. मैदा मळला म्हणजे त्यात चिवटपणा येतो आणि बिस्कीट खुसखुशीत न होता टणक होते. गोळा होत नसेल तरच दूध घालावे.

हा गोळा झाकून अर्धा तास थंड जागी ठेवावा. नंतर सुपारीहून थोड्या मोठ्या आकाराचे गोळे करून हलके दाबावेत व ताटलीत दोन बोटांचे अंतर सोडून मांडावेत. भट्टी आधीच 165 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ठेवावी आणि बिस्किटे 16 ते 20 मिनिटे भाजावीत.

ज्यांच्या घरी भट्टी नाही त्यांनी निराश होऊ नये. आपल्या आयाबहिणी पीठ, तूप, साखर घेऊन जवळच्या बेकरीत जात आणि नानकटाई भाजून डबे भरून आणीत, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. आता अशा बेकऱ्या जवळ नसल्या तरी लोखंडी कढई पुरेशी आहे. कढईत बोटभर जाडीचा मिठाचा थर पसरावा, त्यावर तिवई ठेवावी, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावी. मग ताटली तिवईवर ठेवून आच अगदी मंद करावी. 22 ते 28 मिनिटे लागतात. पहिली बारा मिनिटे झाकण उघडू नये. न चिकटणारा लेप दिलेली कढई अशी कोरडी तापवू नये. ते मीठ थंड झाल्यावर बरणीत भरून पुन्हा याच कामासाठी ठेवावे. कढईतील बिस्किटांना वरून रंग कमी येतो, पण खालची बाजू सोनेरी झालेली असते.

5. शेवटची चार मिनिटे

यिर्मयाला संदेष्टा म्हणून पाचारण झाले, त्या वेळी त्याला बदामाची डाहळी दिसली, असे आपण वाचतो. मराठीत वाचताना त्या दर्शनाचा अर्थ चटकन ध्यानी येत नाही. इब्री भाषेत बदामाला 'शाकेद' म्हणतात आणि जागे राहून लक्ष ठेवणाऱ्याला 'शोकेद' म्हणतात. दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले आहेत. त्या देशात हिवाळा पुरता सरण्याआधीच, पाने फुटण्यापूर्वी बदामाला फुले येतात. इतर झाडे झोपेत असताना ते जागे होते, म्हणून त्याचे हे नाव अन्वर्थक ठरते.

बदामाची बिस्किटे भाजणाऱ्याने हा शब्दार्थ मनात धरावा. पहिली बारा मिनिटे भट्टीत फारसे काही घडत नाही असे वाटते. लोणी वितळते, पाणी वाफ होऊन जाते. पुढे साखर आणि पिठातील प्रथिने यांच्या संयोगाने तांबूस रंग आणि सुगंध येऊ लागतो. हा बदाम-चारोळीचा भाग आधीच एकदा भाजलेला असल्यामुळे फार वेगाने पुढे जातो. सोनेरी आणि करपलेले यांच्यामध्ये दोन-तीन मिनिटांचेच अंतर असते. शेवटच्या चार मिनिटांत कोणी दार वाजविले, तरी स्वयंपाकघर सोडू नये.

बाहेर काढण्याची खूण अशी : कडा फिकट सोनेरी, मध्यभाग अजून पांढरट आणि बोट लावल्यास मऊ. पुष्कळ जणी मऊपणा पाहून ती पुन्हा आत ठेवतात आणि तेथेच फसतात. ताटलीच्या उष्णतेने भाजण्याची क्रिया बाहेरही काही वेळ चालू असते आणि थंड झाल्यावरच बिस्कीट कडक होते. पाच मिनिटे ताटलीत राहू द्यावीत, मग जाळीवर काढावीत.

6. साखरेचा लेप

पिठीसाखर आणि कॉर्नफ्लॉवर दोनदा चाळून घ्यावे. एक जरी गुठळी राहिली, तरी ती लेपावर उठून दिसते. त्यात लिंबाचा रस घालावा आणि दूध एकेक चमचा करून घालावे. सर्व दूध एकदम ओतण्याची घाई करू नये. शेवटच्या अर्ध्या चमच्यानेही लेप पाण्यासारखा होतो आणि मग आणखी साखर घालीत बसावे लागते. चमचा उचलल्यावर लेपाची धार पडावी आणि तिची खूण दहा क्षण टिकून मग नाहीशी व्हावी, ही योग्य स्थिती. लिंबाच्या आंबटपणामुळे साखरेची गोडी बोचत नाही.

बिस्किटे पूर्ण थंड झाल्याशिवाय लेप लावू नये. कोमट बिस्किटावर तो वितळून वाहतो. प्रत्येकावर अर्धा चमचा लेप पसरून लगेच दोन-तीन चारोळ्या ठेवाव्यात. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत तो एक-दोन तासांत सुकतो. सुकण्यापूर्वी डबा भरल्यास सर्व बिस्किटे चिकटून एकच वडी होते. लेप दिलेली बिस्किटे घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर चांगली राहतात. लेपासह एका बिस्किटात सुमारे 6 ग्रॅम साखर असते. घरात कोणाला मधुमेह असेल तर हा हिशेब त्यांना सांगावा. थोडी बिस्किटे लेपावाचून ठेवली तर उत्तम.

7. ताट पाठविताना

आता आम्ही प्रत्येक ताटाबरोबर एक चिठ्ठी ठेवतो. तिच्यावर हिंदीत ओळ असते : मैदा, लोणी, दूध, बदाम, चिरौंजी. शेंगदाणा घातला असेल तर तो सर्वांत आधी आणि ठळक अक्षरांत लिहितो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तोंडी सांगतो. शेंगदाण्याचा कूट ज्या भांड्यात झाला, ते भांडे धुतल्यावाचून बदामासाठी घेत नाही, कारण काहींना अंशमात्रही अपाय करतो. लहान मुलांच्या वाट्याची बिस्किटे बदाम अगदी बारीक करूनच बनवितो, कारण अख्खा दाणा त्यांच्या घशात अडकण्याची भीती असते. खाल्ल्यावर कोणाचे ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, वारंवार ओकारी झाली, तर घरगुती उपाय करीत वेळ दवडू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा तत्काळ दवाखाना गाठावा.

त्या वर्षी आमचे ताट शेजारच्या घरीच राहिले होते. ते मागावयास जाण्याचे धैर्य आम्हांला होईना. नववर्षाच्या दिवशी तोच मुलगा ते घेऊन दारात आला. ताटात त्याच्या आईने केलेली खुरमी होती. गव्हाचे पीठ आणि गूळ यांच्या या छत्तीसगडी पदार्थात तिने सढळ हाताने चिरौंजी घातली होती. तो म्हणाला, "माँ ने कहा है, इसमें फल्ली नहीं है।"

ज्याला आम्ही सांगावयास विसरलो, त्यानेच आम्हांला सांगण्याची रीत शिकविली. वाचकहो, या नाताळात आपले ताट ज्या ज्या दारी जाईल, तेथे ते सोनेरी, खुसखुशीत आणि गोड तर असावेच, पण त्याहून अधिक म्हणजे ते खरे असावे.

विचारार्थ प्रश्न (महिला मंडळासाठी)

1. दुष्काळात याकोबाने आपल्या भूमीतील उत्तम ते दिले. आपल्या गावच्या भूमीतील उत्तम असे काय आपण शेजाऱ्यांना देऊ शकतो?

2. आपण जे अन्नपदार्थ वापरतो, ते गोळा करणाऱ्यांना योग्य मोबदला मिळतो काय, याची चौकशी आपण कधी केली आहे काय?

3. आपल्या शेजारी, नात्यात किंवा मंडळीत कोणाला कोणता पदार्थ सोसत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे काय? नसल्यास या आठवड्यात विचारून घ्यावे.

4. "चव चांगली आहे ना, मग झाले," असे म्हणून आपण कोठे कोठे सांगण्याचे टाळतो?